घाईचा खर्च

प्रश्न : खेड्यातल्या गरीब कुटुंबाला वस्तू किंवा प्रशिक्षण देण्यापेक्षा सरळ रोख रक्कम द्यावी, असं हल्ली बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. आयता पैसा आला की तो दारूत जाणार आणि माणूस कामाला जायचा बंद होणार. चार दिवस बरे जातील, पुढे पहिले पाढे पंचावन्न! रोख मदतीने त्या घरात नेमकं बदलतं तरी काय? तुम्ही घरखर्चाच्या पाहण्यांत वर्षानुवर्षं काम केलंय, म्हणून विचारतो. – एक वाचक

उत्तर : दारूचं आधी उरकून घेऊ, नाहीतर तुम्ही पुढचं वाचणारच नाही.

मी बावीस वर्षं घरोघर जाऊन खर्चाची पत्रकं भरली. दारूचा रकाना आला की नवरा छताकडे बघतो आणि बायको नवऱ्याकडे. त्या रकान्यातला आकडा मी कधीच खरा मानला नाही. त्यामुळे ‘लोकांना विचारलं, ते नाही म्हणाले’ एवढ्यावर माझंही समाधान होत नाही. पण लपवालपवी दोन्हीकडे असते. पैसे मिळालेला लपवतो, न मिळालेलाही लपवतो. म्हणून दोघांना शेजारी ठेवून बघायचं. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी वेगवेगळ्या देशांतले असे 19 अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यात दिसलं नाही. काही ठिकाणी तो थोडा घटलेला होता. कामाचंही तेच. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोख मदतीच्या सहा देशांतल्या सात सरकारी योजना पाहिल्या. लोकांनी काम सोडल्याचा ठोस पुरावा त्यांना सापडला नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. माझ्या मते गरीब घराचा सगळ्यात मोठा खर्च कुठल्याच पत्रकात येत नाही. तो असतो घाईचा खर्च.

एका घरी मी पत्रक भरत होते. ‘गेल्या वर्षभरात विकलेली जनावरं’ हा प्रश्न आला. बाई म्हणाली, एक शेळी. मी लिहिलं : एक. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, ‘गाभण होती. दोन महिने थांबले असते तर...’ मुलाला दवाखान्यात न्यायचं होतं, त्याच दिवशी. घेणाऱ्याला तिची निकड दिसत होती, त्यामुळे त्याने भाव पाडला. माझ्या पत्रकात शेळीची किंमत आली, दवाखान्याचा खर्च आला. होऊ घातलेली करडं आणि ते दूध कुठेच आलं नाही. अशी ‘दोन महिने थांबले असते तर’ची यादी प्रत्येक गरीब घरात असते. पीक हाती आल्याबरोबर विकायचं, कारण उसनं फेडायचंय. मग काही महिन्यांनी तेच धान्य चढ्या भावाने विकत आणायचं. केनियातल्या मका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवर या चक्राचा अभ्यास झाला, तो 2019 साली प्रसिद्ध झाला. सुगीच्या वेळी हातात थोडं कर्ज दिलं, तर शेतकरी मका साठवून ठेवत होते आणि भाव चढल्यावर विकत होते. तिथे मदत कर्जाच्या रूपात होती, पण मुद्दा तोच : हातात पैसे असले की थांबता येतं.

रोख मदतीचा सगळ्यात बारकाईने अभ्यास झाला तोही पश्चिम केनियातच. गिव्हडायरेक्टली ही संस्था तिथल्या गरीब घरांना मोबाइलवरून पैसे पाठवते. एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय तिथे 2007 पासून आहे. संदेश येतो, जवळच्या एजंटकडे जायचं, रोख घेऊन यायचं. कशावर खर्च करा, हे कुणी सांगत नाही. रारिएडा भागात कुठल्या घराला पैसे द्यायचे, हे ठरवायची खूण एकच होती : घरावर गवताचं छप्पर आहे का? आणि पैसे मिळाल्यावर बऱ्याच घरांनी पहिल्यांदा काय बदललं असेल? तेच छप्पर. गवत गेलं, पत्रा आला.

‘एवढे पैसे मिळाले आणि पत्र्यात घातले!’ असं शहरातला माणूस म्हणतो. मी केनियाला गेलेले नाही, पण गवताच्या छपराखाली बसून पत्रकं भरली आहेत. एकदा मध्येच पाऊस आला. घरातल्या बाईने बोलता बोलता उठून चार भांडी चार ठिकाणी ठेवली, खाली न बघता. कुठल्या गळतीखाली कुठलं भांडं, हे तिला पाठ होतं. मग अंथरूण एका कोपऱ्यातून दुसऱ्यात, पोरांची पुस्तकं उतरंडीच्या मागे. माझं पत्रकही भिजलं. गवत दर एक-दोन वर्षांनी बदलावं लागतं, त्याला पैसे आणि दिवस दोन्ही लागतात. पत्रा एकदा घातला की तो खर्च बरीच वर्षं टळतो. शिवाय रात्रीची झोप. योहानेस हाउशोफर आणि जेरेमी शापिरो यांच्या 2016 च्या अभ्यासात या घरांचा खाण्यावरचा खर्च आणि जनावरं वाढली, उपाशी राहण्याचे प्रसंग घटले आणि माणसांचं मन हलकं झाल्याचंही दिसलं. मला या शेवटच्या गोष्टीचं नवल वाटत नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट 2025 मध्ये समोर आली. केनियातल्या सियाया भागात 10,500 हून अधिक घरांना प्रत्येकी सुमारे 1,000 डॉलर मिळाले होते. त्या घरांतल्या बालमृत्यूंचा हिशेब संशोधकांनी मांडला, तेव्हा एक वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आलेले दिसले. परिणाम सर्वांत ठळक होता तो बाळंतपणाच्या सुमारास पैसे मिळालेल्या घरांत. का? दवाखान्यात बाळंतपणं वाढली, खाणं सुधारलं, आणि शेवटच्या महिन्यांत बायकांचं शेतातलं काम पुष्कळ कमी झालं. ‘माणूस काम बंद करील’ ही तुमची भीती इथे अक्षरशः खरी ठरली. आठव्या-नवव्या महिन्यातली बाई वाकून खुरपायची थांबली.

पण त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही वाचा. डॉक्टर असलेलं आरोग्य केंद्र जवळ होतं, तिथे जीव जास्त वाचले. घरात पैसे असून गाठण्याजोगा डॉक्टरच नसेल तर त्या पैशाने तो उगवत नाही. ‘रोख द्या आणि बाकी सगळं बंद करा’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथे.

आणि ‘पुढे काय?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. युगांडाच्या उत्तर भागात सरकारने तरुणांच्या गटांना धंद्यासाठी पैसे दिले, माणशी साधारण 400 डॉलर. चार वर्षांनी त्यांची कमाई इतरांपेक्षा 38 टक्के जास्त होती. नऊ वर्षांनी पाहिलं, तर पैसे न मिळालेल्यांनीही त्यांना गाठलं होतं. काही जण याला अपयश म्हणतात. मी नाही म्हणत. मधल्या काळात मोठी झालेली मुलं लवकर आलेल्या पैशात मोठी झाली.

प्रश्न : पैसे बाईच्या हाती द्यावेत की पुरुषाच्या? आणि दरमहा थोडे थोडे, की एकरकमी?

उत्तर : पहिल्याचं सरधोपट उत्तर ‘बाईच्या’ असं असतं. दक्षिण आफ्रिकेतल्या वृद्धांच्या पेन्शनवर अर्थतज्ज्ञ एस्थर दुफ्लो यांनी काम केलं आहे. पेन्शन आजीच्या हाती येत होती त्या घरांतल्या नाती अंगाने भरल्या. आजोबांच्या पेन्शनचा तसा परिणाम दिसला नाही. पण रारिएडात नवरा आणि बायको यांपैकी कुणाला पैसे द्यायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, आणि तिथे दोघांत फारसा फरक आढळला नाही. मला स्वतःला मध्य प्रदेशातला 2011-12 चा ‘सेवा’ ही कष्टकरी बायकांची संघटना आणि युनिसेफ यांचा प्रयोग आवडतो. प्रत्येक प्रौढाला स्वतंत्रपणे महिना 200 रुपये आणि मुलामागे 100 रुपये आईकडे. पुढे त्याचे 300 आणि 150 झाले. त्यात नवऱ्याचे की बायकोचे हा वादच उरत नाही. तिथेही लोक काम सोडून बसले नाहीत. उलट दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून बरेच जण स्वतःच्या तुकड्यावर राबू लागले.

दरमहा पैसे आले की ताटात दिसतात, एकरकमी आले की छपरात आणि गोठ्यात. पण माणसं आपली वाट काढतात. केनियातच बारा वर्षं दरमहा पैसे मिळण्याची खात्री असलेल्या गावांत अनेकांनी भिशी लावली आणि हप्त्यांची एकरकमी करून घेतली. उद्याचा हप्ता नक्की येणार असेल तरच भिशीला हिंमत होते. म्हणून मी रकमेच्या आधी तारीख विचारते. उशिरा, अवचित येणारी मदत सावकाराच्याच कामाची. तिच्या भरवशावर आधीच उचल झालेली असते.

प्रश्न : सगळ्या गावाकडे पैसा आला की महागाई वाढणार नाही का?

उत्तर : सियायात हेच मोजलं. 653 गावं होती आणि भरपूर पैसा ओतला होता. भाववाढ निघाली 0.1 टक्क्याच्या आसपास. उलट प्रत्येक डॉलरमागे परिसरात सुमारे अडीच डॉलरची उलाढाल झाली आणि पैसे न मिळालेल्या घरांचाही खर्च वाढला. कारण असं, की खेड्यातल्या छोट्या धंद्यांत बरीच ताकद रिकामी पडलेली असते. गिरणी दिवसातून दोन तास चालते. गिऱ्हाईक दुपटीने आलं तर गिरणीवाला दर वाढवत नाही, गिरणी चार तास चालवतो.