चीनसारखा एका मुलाचा कायदा भारतात जबरदस्तीने लागू केला तर काय बिघडेल?

बिघडेल, आणि सगळ्यात आधी बायांचं बिघडेल. मी नागपूर जिल्ह्यात खेड्यावर आरोग्य सेविका होते, आता रिटायर झाले, म्हणून आधी माझ्या डोळ्यासमोरचं सांगते.

१९९६ मध्ये केंद्राने नसबंदीचं टारगेट बंद केलं, पण ते कागदावर, मार्च जवळ आला की मीटिंगमध्ये वरून एकच विचारणा, सिस्टर केसेस किती झाल्या? आणि केस कोणाची मिळते तर नोकरीवाल्या बाईची नाही, तिच्या घरी जाऊन तगादा लावायची कोणाची हिंमत होत नाही. मिळते मजुरीवाली, जिचं सासूने आणि नवऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असते, तिला विचारते कोण. नवऱ्याला म्हटलं भाऊ तुम्हीच नसबंदीचं बिनटाक्याचं ऑपरेशन करून घ्या, लवकर घरी जाल, तर म्हणे मले काम करा लागते, ताकद जाईल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या जोडप्यांमध्ये बायांची नसबंदी जवळपास ३८ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के. बघा ओझं कोणावर आहे ते!

हे असं नेहमीच नव्हतं. आणीबाणीत उलट पुरुषांनाच धरून धरून नेलं, केसेस आणल्या नाहीत म्हणून मास्तरांचे पगार अडवले, १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने नसबंदीशी संबंधित १७७४ मृत्यूंची नोंद केली. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक पासच केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. १९७७ ला सरकार पडलं, त्यानंतर पुरुषांच्या नसबंदीचं नाव काढायची कोणत्याच पक्षाची छाती झाली नाही आणि सगळा कार्यक्रम गुपचूप बायांच्या पोटावर आला. म्हणजे जबरदस्ती संपली तरी तिची किंमत पुढच्या पिढीच्या बाया भरून राहिल्या, हे मला फार लागतं.

२०१४ ला छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ नसबंदीच्या एका कॅम्पात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायांची ऑपरेशनं केली, त्यानंतर तेराच्या आसपास बाया गेल्या. २०१६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असे कॅम्प तीन वर्षांत बंद करा. आणि हे कुठलाही सक्तीचा कायदा नसताना, नुसत्या आकड्याच्या दबावाने.

आता चीनचं. लोक म्हणतात त्यांनी करून दाखवलं, पण तिथे १९७० ला एका बाईला सरासरी सहाच्या जवळपास मुलं होती आणि १९८० चा कायदा यायच्या आधीच ती तीनच्या खाली आली होती. कायद्याने काय आणलं तर दंड, सात महिन्यांच्या पोटुशीचा जबरदस्तीने गर्भपात (२०१२, शान्शी प्रांत, तिचा फोटो जगभर गेला), आणि २०१० च्या जनगणनेत सापडलेली, पण सरकारच्या कुटुंब-नोंदणीत नावच नसलेली सव्वा कोटीच्या वर माणसं, ज्यांना शाळा, दवाखाना, नोकरी सगळीकडे अडचण, त्यात बरीचशी नियमाबाहेर जन्मलेली. मुलगाच पाहिजे म्हणून पोटातच मुली गेल्या त्या वेगळ्याच. २०१५ च्या शेवटी कायदा गुंडाळला, २०२१ ला तीन मुलांची परवानगी दिली, तरी २०२२ पासून लोकसंख्या कमीच होऊन राहिली, आता सरकार मुलं होऊ द्या म्हणून पैसे देते.

आणि आपल्याकडे एका मुलाचा सक्तीचा कायदा नसतानाही महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात १.७ वर आला, देशाचा २.० वर. पोरी शिकल्या, लग्नं उशिरा व्हायला लागली, जन्मलेली लेकरं जगायला लागली.

म्हणून तुमच्या गावात काही करायचं असेल तर उपकेंद्रात जाऊन विचारा की कॉपर टी, अंतरा इंजेक्शन (गर्भ राहू नये म्हणून तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं) आणि गोळ्या आहेत का, त्याचे फायदे-त्रास बाईला नीट बसवून सांगतात का, आणि ती नको म्हणाली तर ऐकतात का.