‘उंबराचं फूल’ : नसलेलं की न दिसणारं?

प्रश्न असा आला आहे : बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या माणसाला आजी म्हणते, "काय रे, उंबराचं फूल झालास!" उंबराला फूल नसतंच, म्हणून असं म्हणतात का? आणि फूल नसेल तर फळ कसं धरतं?

उंबराला फुलं असतात, एकेका फळात शेकड्यांनी असतात. खोडाला लगडलेलं ते हिरवं गोल उंबर म्हणजे मुळात तोंड मिटलेला फुलोराच. त्याच्या आतल्या भिंतीला बारीक बारीक फुलं चिकटलेली असतात. वनस्पतिशास्त्रात या रचनेला ‘कुंभासनी’ म्हणतात. घागरीत बसलेली फुलं! पारिभाषिक शब्द इतका बोलका क्वचितच सापडतो.

मका, ज्वारी यांचे पराग वारा नेतो, सूर्यफुलावर मधमाश्या येतात. उंबराच्या बंद घागरीत वारा शिरत नाही, मधमाशीही शिरू शकत नाही. तिथे जाते गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली, जेमतेम दोन मिलिमीटरची एक माशी. फळाच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून घुसताना तिचे पंख तुटतात. आत ती सोबत आणलेले पराग फुलांवर सोडते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर आधी बाहेर येतात, माद्यांशी मीलन करून फळाला भोक पाडतात. माद्या नवे पराग घेऊन त्या वाटेने उडतात आणि दुसरं झाड शोधतात. उंबर फोडल्यावर जी ‘चिलटं’ भुर्रकन उडतात आणि आपण ती फुंकून टाकतो, त्यांत या माश्याही असतात. त्या नसत्या तर उंबराला बी धरलंच नसतं. (अंजीर आवडणाऱ्यांनी धास्तावू नये. आपल्याकडचं पुणेरी अंजीर परागणाशिवायच पोसतं.)

मला याहून मोलाचा वाटतो तो ‘वनस्पती’ हा शब्द. आज आपण गवतापासून वडापर्यंत सगळ्यांना वनस्पती म्हणतो. संस्कृतात मात्र त्याला एक नेमका अर्थही होता. अमरकोशात फुलातून फळ धरणारा तो ‘वानस्पत्य’ आणि ‘अपुष्पाद्वनस्पतिः’, म्हणजे फुलाविना फळणारा तो वनस्पती. वड, पिंपळ, उंबर हे खरे ‘वनस्पती’! आंबा त्या हिशेबाने वानस्पत्य. फुलं आत आहेत हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. तरी ही झाडं इतरांहून वेगळी आहेत हे त्या लोकांनी अचूक टिपलं, त्यासाठी वेगळा शब्द केला, आणि पुढे तोच शब्द साऱ्या हिरव्या सृष्टीचा झाला.

उंबराचं फूल मध्यरात्री फुलतं आणि ज्याला दिसेल त्याचं भाग्य उजळतं, अशी समजूतही आहे. आजीच्या वाक्यातला अर्थ तिच्याशी जुळतो : तू असतोस, पण दिसत नाहीस. म्हणून ‘दर्शन दुर्लभ झालेला माणूस’ याच अर्थी हा वाक्प्रचार वापरावा, ‘अस्तित्वातच नसलेली गोष्ट’ या अर्थी नको.

पाहायचं असेल तर पिकलेलं उंबर घेऊ नका. कोवळं, घट्ट, हिरवं फळ उभं चिरा आणि भिंग धरा.