एलिझाबेथ राणीच्या आश्रयामुळेच शेक्सपिअरच्या काळातलं नाटक बहरलं का?

एलिझाबेथ राणी आणि तिच्यानंतर राजा जेम्स यांनी पैसा पुरवला म्हणून इंग्रजी रंगभूमी बहरली का, असं तुम्ही विचारलंय. राजसत्तेचा वाटा फार मोठा होता, पण मुख्यतः पैशाचा नव्हे. पैसा दिला तो एक पेनी मोजून नाटकघराच्या उघड्या अंगणात उभं राहणाऱ्या लंडनकरांनी. राजसत्तेने दिलं ते संरक्षण, आणि नटांना त्याची गरज पैशाहून जास्त होती.

१५७२ चा कायदा बघा. फिरत्या नटांच्या पाठीशी कुणी बडा उमराव नसेल आणि हातात परवानाही नसेल, तर त्यांची गणना भटक्या-उनाडांत. शिक्षा म्हणजे फटके आणि तापल्या लोखंडाने उजव्या कानाला भोक. त्याच वर्षी जेम्स बर्बेज हा नट आणि त्याच्या पाच साथीदारांनी अर्ल ऑफ लेस्टर या बड्या उमरावाला पत्र लिहिलं. त्यात ते स्पष्ट म्हणतात की आम्हाला पगार नको. तुमची वर्दी द्या आणि आम्ही तुमचे चाकर आहोत असा दाखला द्या. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या पत्रातच आहे. दोन वर्षांनी याच मंडळीला खुद्द राणीची सनद मिळाली आणि १५७६ मध्ये बर्बेजने शोरडिचला, म्हणजे शहराच्या हद्दीबाहेर, ‘द थिएटर’ बांधलं.

हद्दीबाहेर का? लंडनच्या महापौराला आणि नगरपालांना नाटक नको होतं. गर्दीने प्लेग पसरतो, कारागिरांची शिकाऊ पोरं काम सोडून पळतात, अशा त्यांच्या तक्रारी. त्यावर राणीच्या प्रिव्ही कौन्सिलचं, म्हणजे तिच्या सल्लागार मंडळाचं, उत्तर ठरलेलं असे: नाताळात दरबारात महाराणींसमोर खेळ करायचे, तर नटांचा सराव नको का व्हायला? या सरावाच्या नावाखाली लोकांपुढे जवळजवळ रोज नाटक होत राहिलं. दरबारी खेळाचे साधारण दहा पौंड मिळत, पण असे खेळ वर्षात मोजकेच. मंडळी जगली ती अंगणातल्या गर्दीवर.

संरक्षणाला अर्थातच दोरी बांधलेली होती. दरबारी करमणुकीचा अधिकारी एडमंड टिलनी याच्याकडे १५८१ पासून प्रत्येक नाटक तपासायचा अधिकार आला. ‘सर थॉमस मोर’ या नाटकाचं हस्तलिखित आजही ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि पहिल्याच पानाच्या समासात टिलनीचा शेरा आहे: दंगल पूर्ण गाळा, तिचं कारणही गाळा, नाहीतर परिणाम तुम्ही भोगाल. लंडनकरांनी परदेशी लोकांविरुद्ध केलेला दंगा हा तर नाटकाचा मोठा भाग. तो शेरा वाचताना लेखकाच्या पोटात काय कालवलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तरी त्याच तपासणीचा एक उपयोगही होता. टिलनीची सही असलेलं नाटक अडवणं महापौराला सोपं नव्हतं.

जेम्स १६०३ मध्ये लंडनला पोहोचला आणि दोन आठवड्यांच्या आत शेक्सपिअरची मंडळी ‘किंग्ज मेन’, म्हणजे राजाची माणसं, झाली. पुढच्या वर्षीच्या शाही मिरवणुकीसाठी प्रत्येक नटाला साडेचार यार्ड लाल कापड मिळालं. नाटकघरं प्लेगमुळे बंद होती तेव्हा राजाने मंडळीला तीस पौंडही दिले, हे मान्य करायला हवं. दरबारातले खेळही वाढले. पण नाटकं आता दरबाराच्या आवडीकडे झुकू लागली आणि पुढे जेम्सचा मुलगा राजा चार्ल्स याच्या काळात हे फारच वाढलं.

मग १६४२ साली राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. राजा लंडन सोडून गेला होता. २ सप्टेंबरला पार्लमेंटने नाटकं बंद करण्याचा हुकूम काढला. पेनी देणारे प्रेक्षक शहरातच होते, नटही होते, पण महापौराला उत्तर देणारं कौन्सिल आता नव्हतं. ती बंदी अठरा वर्षं टिकली.