सनावळ्या तोंडपाठ, तरी निबंधाला सहापैकी दोन

"रोज दोन तास बसते, सगळ्या तारखा येतात, मग गुण जातात कुठे?" अमेरिकेतल्या मराठी पालकांकडून एपी यूएस हिस्टरीबद्दल, म्हणजे शाळेतच देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या अमेरिकी इतिहासाच्या परीक्षेबद्दल, हा प्रश्न वारंवार येतो. न्यू जर्सीतल्या एका अकरावीच्या मुलीचं उदाहरण घेऊन त्याचं उत्तर देत आहोत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलीच्या मेहनतीत काही कमी नव्हतं. तिने तारखांची कार्डं केली होती. रात्री जेवणानंतर बाबा त्यातलं एक उचलायचे, "१८२०?" ती म्हणायची, "मिसूरी तडजोड." बाबांची दहावी महाराष्ट्रात, 'कारणे द्या' आणि 'टिपा लिहा' यांवर झालेली. तिथे हे पुरलं होतं, त्यामुळे त्यांचा गोंधळ अगदी समजण्यासारखा होता.

या परीक्षेत नुसती तारीख विचारणारा प्रश्न जवळपास येतच नाही. ५५ बहुपर्यायी प्रश्नसुद्धा एखादा उतारा, व्यंगचित्र किंवा नकाशा पुढे ठेवून विचारतात. मोठ्या निबंधाचे सहा गुण असे असतात: दाव्याला एक, संदर्भाला (म्हणजे त्या काळाच्या पार्श्वभूमीला) एक, पुराव्याला दोन, विश्लेषणाला दोन. तिच्या सराव निबंधाचा विषय होता, १८०० ते १८६० या काळात केंद्र सरकार आणि राज्यं यांच्यातलं नातं कितपत बदललं? तिने १८२०, १८२८, १८३२, १८५०, १८५४, १८५७, १८६० असं ओळीने लिहून काढलं. तारीख एकही चुकली नाही. संदर्भाचा एक गुण मिळाला आणि पुराव्याचा एक. पुराव्याचा दुसरा गुण मिळवायचा तर तो पुरावा कुठल्या तरी बाजूने उभा करावा लागतो, आणि निबंधाला बाजूच नव्हती. "हे नातं बऱ्याच प्रमाणात बदललं" हे तिचं पहिलं वाक्य म्हणजे प्रश्नच जरा फिरवून लिहिलेला.

शाळेत तिला 'थीमनुसार अभ्यास कर' असं सांगितलेलं होतं. अभ्यासक्रमात आठ थीम आहेत: राष्ट्रीय ओळख, काम-व्यापार-तंत्रज्ञान, भूगोल, स्थलांतर, सत्ता, जगाशी संबंध, संस्कृती, समाजरचना. तिने आठ रंगांचे हायलायटर आणले आणि पुस्तक रंगवलं. जवळपास प्रत्येक घटना तीन-चार रंगांत बसत होती, म्हणून काहीच वेगळं दिसेना. थीमला नुसतं नाव असलं की असंच होतं. 'राज्यांचे हक्क' असा शिक्का मारला की घटना खोक्यात पडते आणि विचार तिथेच थांबतो. थीमचा प्रश्न करावा लागतो, आणि तोही असा की ज्याचं उत्तर काळानुसार बदलत जातं.

तिला आम्ही एक चार्ट पेपर आडवा घ्यायला सांगितला. उभे रकाने नऊ, अभ्यासक्रमाच्या नऊ कालखंडांचे. आडव्या ओळी तीनच: केंद्राची ताकद कोणाला हवी आहे आणि कशासाठी? या देशात कोणाला येऊ द्यायचं आणि नागरिक कोणाला म्हणायचं? राबणारे हात कोणाचे आणि त्यांच्यावर हुकूम कोणाचा? एका चौकोनात जास्तीत जास्त दोन घटना. शेजारच्या चौकोनांमध्ये बाण, आणि बाणावर एक क्रियापद: 'उलटवलं', 'वाढवलं', 'पळवाट काढली', 'उत्तर म्हणून आलं'. क्रियापद सुचत नसेल तर बाण खोडायचा. पहिल्या ओळीत १४९१ ते १६०७ हा रकाना रिकामा राहतो, तो तसाच राहू द्यावा.

पहिली ओळ भरतानाच मुलीला इतिहासाची गोडी लागली. १७८१च्या आर्टिकल्सनुसार, म्हणजे राज्यघटनेच्या आधीच्या करारानुसार, काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) कर बसवता येत नव्हता. १७८६-८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांचं बंड झालं आणि तिजोरी व सैन्य या दोन्ही बाबतींत केंद्र किती दुबळं आहे ते उघड झालं. १७८७ची राज्यघटना त्याला उत्तर म्हणून आली. १७९८ मध्ये जेफरसन आणि मॅडिसन यांनी केंटकी आणि व्हर्जिनियाच्या ठरावांतून राज्यांची बाजू घेतली. तेच जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरना लुइझियाना घेतात आणि १८०७ मध्ये जवळपास सगळा परदेशी व्यापार बंद करतात. त्याने न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांच्या, बंदरांचं कंबरडं मोडतं, आणि १८१४-१५ मध्ये हार्टफर्डच्या परिषदेत राज्यांच्या हक्कांची भाषा उत्तरेकडचे लोक बोलू लागतात.

आता साउथ कॅरोलिना पाहा. कापूस विकून कारखान्याचा माल विकत घेणारं हे राज्य. १८२८च्या आयातकराने तो माल महागला, आणि १८३२ मध्ये राज्याने केंद्राचा आयातकर आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवला. १८५० मध्ये मात्र दक्षिणेला कडक केंद्रीय कायदा हवा होता, पळालेले गुलाम उत्तरेतून पकडून आणण्यासाठी. त्या कायद्याखाली माणूस मालकाला परत दिला तर निकाल देणाऱ्या आयुक्ताला १० डॉलर मिळत, सोडून दिला तर ५. उत्तरेच्या राज्यांनी तो अडवायला स्वतःचे कायदे केले, आणि विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलिना संघातून फुटते, तेव्हा तिच्या जाहीरनाम्यातली मोठी तक्रार हीच असते की उत्तरेची राज्यं केंद्राचा कायदा पाळत नाहीत. जे स्वतः १८३२ मध्ये केलं, त्याबद्दलच ही तक्रार! 'राज्यांचे हक्क' या शिक्क्याखाली हा उलटा फेर दिसला नसता. 'कोणाला हवं, कशासाठी' असं विचारल्यावर तो आपोआप दिसतो.

यातूनच तिचा दावा तयार झाला. साचा साधा आहे, जरी–तरी–कारण: "जरी राज्यांच्या हक्कांची भाषा या साठ वर्षांत कायम राहिली, तरी ती बोलणारे प्रदेश बदलत गेले, कारण व्यापार, आयातकर आणि गुलामगिरी यांतलं आपलं हित ज्या बाजूने जपलं जाईल, ती बाजू प्रत्येक प्रदेश धरत होता." पुढच्या सरावात तिला चार गुण मिळाले. विश्लेषणाचे दोन्ही अजून यायचे होते.

दुसरी ओळ घरच्यांनी मिळून भरली. १७९० मध्ये नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या' माणसांना. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या पंजाबी स्थलांतरिताच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वाला अपात्र. १९२४चा स्थलांतरितांचा देशवार कोटा १८९०च्या जनगणनेवर बांधला, कारण इटली, पोलंड, रशियाकडून आलेली मोठी लाट त्यानंतरची होती. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाची वाट मिळाली, पण वर्षाला कोटा शंभराचा. १९६५ मध्ये ही राष्ट्रवार कोटापद्धतच मोडली. १९९०च्या कायद्याने एच-१बी व्हिसा आला, आणि शेवटच्या रकान्यात बाबा स्वतः येऊन उभे राहिले.

या ओळीत दोन चुका सर्रास होतात. एक, निव्वळ सारखेपणावर बाण काढणं. १८८२ आणि १९२४ दोन्ही 'बंदी', पण पहिलीमागे पश्चिम किनाऱ्यावरचं मजुरांचं राजकारण जास्त होतं आणि दुसरीत वंशाच्या उतरंडीची मांडणी थेट आकड्यांत उतरवली गेली. हा फरक लिहिला तरच बाण टिकतो. दुसरी चूक म्हणजे सगळं हळूहळू सुधारतच गेलं असं धरून चालणं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरोधी लोकांना आदराने अर्पण केली, तेव्हा कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार देणारी १५वी घटनादुरुस्ती होऊन तीनच वर्षं झाली होती. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या रिपब्लिकन सरकारांमागचा केंद्राच्या सैन्याचा आधार गेला, पुढे मताधिकार कागदावरच उरला, आणि तो खरोखर बजावता यावा म्हणून १९६५चा मताधिकार कायदा करावा लागला.

बाबांनाही आम्ही प्रश्न बदलायला सांगितला. कार्ड तेच, पण विचारायचं असं: "याच्यामुळे कोणाचं बिघडलं, आणि मग त्यांनी काय केलं?" १८५४चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा घ्या. ३६ अंश ३० मिनिटांच्या रेषेच्या उत्तरेला गुलामगिरी येणार नाही, ही १८२०च्या मिसूरी तडजोडीतली हमी मोडली. उत्तरेतले लोक संतापले. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष जन्माला आला. तीन वाक्यांत तीन दुवे, आणि १८२० व १८५४ दोन्ही लक्षात राहतात.

परीक्षेच्या खोलीत निबंधाच्या ४० मिनिटांतली पहिली सहा-सात मिनिटं दावा आणि तीन बाण कच्चे लिहिण्यात घालवावीत. दस्तऐवजांच्या प्रश्नाला, म्हणजे दिलेले दस्तऐवज वापरून लिहायच्या निबंधाला, तासभर असतो, त्यातली १५ मिनिटं वाचनाची. सात दस्तऐवजांपैकी प्रत्येकाच्या कडेला 'कोणाला हवं, कशासाठी' एवढंच टिपावं. निदान चार दस्तऐवज दाव्याच्या बाजूने वापरावे लागतात आणि निदान दोन दस्तऐवजांबाबत लिहिणारा कोण, कोणासाठी लिहितोय हे उलगडावं लागतं.

परीक्षा मेच्या सुरुवातीला असते. एप्रिलच्या मध्यावर जागं झालेल्यांनी तीन ओळींचा हट्ट धरू नये. पहिली ओळ घ्यावी आणि १७५४ ते १९८० एवढेच रकाने भरावेत, कारण दस्तऐवजांचा प्रश्न त्याच काळावर येतो आणि एकूण गुणांपैकी २५ टक्के त्याचे असतात.