बर्फातल्या पहिल्या व्हॉयेजआधी तुला

अरे, तुझा मेसेज वाचला आणि खरंच खूप बरं वाटलं. पहिलंच कॉन्ट्रॅक्ट आणि तेही ध्रुवाकडचं, इंजिन कॅडेट म्हणून! थंडी किती असते आणि कपडे काय घेऊ, असं विचारलंयस. ते सांगतोच, पण त्याआधी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती.

बर्फात इंजिन थंडीने नाही, गरम होऊन बंद पडतं. बाहेर समुद्राचं पाणी उणे १.८ डिग्रीला, गोठायच्या काठावर, आणि आत कूलिंगचं टेम्परेचर चढत चाललेलं. कारण इंजिन थंड ठेवणारं पाणी सी चेस्टमधून, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या तळाजवळच्या कप्प्यातून येतं आणि जहाज बर्फ फोडत चाललं की तो चुरा तळाखाली जातो, पंप तोच ओढतो, स्ट्रेनर, म्हणजे पाण्याची गाळणी, गच्च होतो. माझ्या पहिल्या वेळी मी वॉचभर, म्हणजे अख्खी पाळीभर, टेम्परेचरच्या काट्याकडे बघत बसलो होतो आणि तो हलला तेव्हा उशीर झालेला, अलार्म वाजला, ब्रिजला, म्हणजे वर जहाज चालवणाऱ्यांना, स्पीड कमी करायला सांगावं लागलं. तू प्रेशर बघ. पंपाचं प्रेशर आधी थरथरायला लागतं, टेम्परेचर नंतर चढतं, त्या मधल्या थोड्या मिनिटांत स्ट्रेनर बदलता येतो आणि गरम झालेलं परतीचं पाणी सी चेस्टमध्ये फिरवून चुरा वितळवता येतो. ती लाईन कुठून जाते, तिचे व्हॉल्व्ह कुठे आहेत, हे जॉइन झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत स्वतः हाताने शोध, ड्रॉइंगवर बघून भागत नाही. आणि स्ट्रेनर उघडताना दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद, प्रेशर काढून टाकलेलं, मगच झाकणाचे बोल्ट, कितीही घाई असली तरी. आत किसलेल्या बर्फासारखा राखाडी लगदा असतो, हातमोजे घालूनही दोन मिनिटांत बोटं बधिर होतात, म्हणून जोडीला कुणीतरी घे आणि आळीपाळीने काढा.

आवाजाचं सांगतो. तुझी केबिन खाली असेल तर पहिल्या रात्री झोप येणारच नाही, पत्र्यावर दगडांची गाडी ओतल्यासारखा आवाज रात्रभर चालू असतो, आणि आइसब्रेकर असेल तर पुढचा भाग बर्फावर चढतो, वजनाने तो मोडतो आणि सगळं जहाज हादरतं. घाबरू नकोस, सांगाडा त्यासाठीच बनवलेला असतो. नॉर्वेचा ध्रुव संशोधक नॅन्सेन, त्याचं फ्राम हे जहाज १८९३ मध्ये मुद्दाम बर्फात अडकवलं होतं, पोट गोलसर ठेवलेलं, त्यामुळे बर्फाने दाबलं की ते चिरडण्याऐवजी वर उचललं जायचं, आणि १८९६ मध्ये ते धड बाहेर आलं. दुसरा ध्रुव संशोधक शॅकल्टन, त्याचं एन्ड्युरन्स मात्र १९१५ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात चिरडून बुडालं. मला या दोन जहाजांचा विचार नेहमी एकत्रच येतो.

ब्रिजवरून कधीही अस्टर्न, म्हणजे उलटी चाल, मागतील, कधी तासनतास असंच चालतं, पुढे, मागे, परत पुढे. प्रोपेलरमध्ये बर्फ गेला की आरपीएम पडतो, लोड उडी मारतो. अशा वेळी कंट्रोल रूम सोडून चहाला जाऊ नकोस.

आता कपडे. आत हीटर असतो, इंजिन रूम गरमच, पण तिथून घामाने भिजलेल्या बॉयलर सूटमध्ये डेकवर जायचं नाही म्हणजे नाही, आधी बदल. उघड्या हाताने बाहेरच्या लोखंडाला हात लावू नकोस, कातडी चिकटते. बुटात घालायचे इनसोल दोन जोड्या घे, एक वाळत ठेवायला. आतली हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, तहान लागली नसली तरी पाणी पीत राहा. अंघोळीचं पाणी मात्र जपून वापर, थंड समुद्राच्या पाण्यावर आरओ गोडं पाणी कमी बनवतो. उन्हाळ्यात रात्रच होत नाही, वॉच संपली की पडदे घट्ट लावून झोपायचं, नाहीतर आठवड्याभरात डोकं चालेनासं होतं आणि थकलेल्या माणसाच्या हातून व्हॉल्व्ह चुकतो.

घरी आधीच सांगून ठेव की काही दिवस मेसेज येणार नाही. जहाजाचं नेट विषुववृत्तावरच्या सॅटेलाइटवर असेल तर खूप वर गेलं की ते क्षितिजाला टेकतात आणि नेट जातं. माझ्या आईने एकदा चार दिवस नीट जेवण केलं नव्हतं, ते मला परत आल्यावर कळलं.

पहिल्यांदा स्ट्रेनर उघडशील तेव्हा काय दिसलं, प्रेशर किती पडलं होतं, किती वेळ लागला, हे सगळं मला सविस्तर लिही. वाट बघतो.