सरकारी प्रयोगशाळा हव्यात कशाला?

प्रश्न : खासगी कंपन्यांकडे आता पैसाही आहे, माणसंही. मग आपल्या कराच्या पैशातून सरकारी संशोधन संस्था कशाला चालवायच्या?
– एक वाचक, सांगली

उत्तर : माझी हयात औषध कारखान्यांत गेली, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. एड्सवरचं पहिलं औषध झिडोव्यूडिन. हा रेणू १९६४ मध्ये अमेरिकेत सरकारी अनुदानावर, कर्करोगासाठी तयार झाला. तिथे तो निकामी ठरला. एड्सवर चालतो हे दोन दशकांनी कळलं, पण किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर!

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर मक्तेदारी नव्हती, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होती. म्हणजे तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवायला मोकळीक होती; त्यासाठी नवी पद्धत बसवणारी माणसं हवीत. ती हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत डॉ. ए. व्ही. रामा राव यांच्याकडे होती. (रामा राव मूळचे आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घडलेले, हे मुद्दाम सांगतो.) त्या पद्धतीने सिप्लाने १९९३ मध्ये औषध बाजारात आणलं. अशी माणसं तयार व्हायला वीस-वीस वर्षं लागतात. तेवढा धीर कुठल्या कंपनीच्या ताळेबंदात बसतो, सांगा. या संस्थांतली दिरंगाई मलाही सलते. तिचा जाब जरूर विचारा, पण अनुदान तोडा म्हणू नका.