क्रॉस कंट्रीचा संघ चौथ्या मुलीवर ठरतो

सर, तुम्ही विचारलंय की सोलापुरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागलो आहे, यंदा मुलींचा क्रॉस कंट्रीचा, म्हणजे माळ, चिखल, चढ-उतारावरून पळायच्या लांब शर्यतीचा, संघ पहिल्यांदाच उतरवायचा आहे, सगळ्या प्रथम वर्षाच्या आहेत, त्यातली एकच खरी पळणारी आहे, तर हंगाम कसा काढू, आणि त्या एकीचं वेगळं काही करू का? मी इथल्याच एका कॉलेजात बरीच वर्षं मुलींना पळवते आहे, म्हणून लिहिते.

आधी गुणांचा हिशेब नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जागतिक स्पर्धेच्या पद्धतीत संघात सहा जणी धावतात आणि पहिल्या चौघींचे क्रमांक मिळवतात. बेरीज ज्यांची कमी, तो संघ पुढे. विद्यापीठाच्या पत्रकात यंदा किती मुली आणि किती अंतर दिलंय ते बघून घ्या, पण तत्त्व हेच. आता समजा तुमची ती एक मुलगी पहिली आली, दुसरी सहावी, तिसरी एकविसावी आणि चौथी तिसावी. बेरीज ५८. समोरच्या संघाची पहिल्या पाचात एकही नाही, पण त्यांच्या चौघी सातवी, नववी, बारावी, पंधरावी आल्या. बेरीज ४३. ढाल ते घेऊन जातात. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की हंगामभर तुमचा वेळ, तुमचं लक्ष, तुमची मोटारसायकल चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या मुलीसोबत असू द्या. पहिली तुमच्याशिवायही पळणार आहे. चौथीला तिसाव्यावरून विसाव्यावर आणलंत की दहा गुण वाचले. पहिलीला कितीही घासलंत तरी पहिलीच्या वर क्रमांक नाही.

सहा मुली हव्यात तर सुरुवात दहा-बारा जणींनी करा. निम्म्या गळतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. खो-खोच्या मुली घ्या, एनसीसीच्या घ्या, आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तर हमखास घ्या. आपल्या जिल्ह्यात पहाटे रस्त्यावर पळणारी मुलगी दिसली तर ती बहुतेक भरतीवालीच असते. या मुली जिद्दीच्या असतात, पण त्यांची एक सवय मोडावी लागते. भरतीला मुलींना ८०० मीटर असतं, त्यामुळे शिट्टी वाजली की त्या जीव खाऊन सुटतात. क्रॉस कंट्रीत तसं सुटलं की दुसऱ्या किलोमीटरला पोटात कळ येते आणि तिथून पुढे नुसतं चालणं. त्यांना पहिला किलोमीटर मुद्दाम हळू पळायला शिकवणं हे तुमचं जुलैचं मोठं काम आहे. मी पहिल्या महिन्यात घड्याळच देत नाही. पळता पळता शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढी एकच अट. बोलणं तुटायला लागलं की वेग कमी.

पण त्याही आधी घरी जा. हे मी आग्रहानं सांगते. शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली मुलगी असेल तर आई विड्या वळत असते आणि मुलगी सकाळी कॉलेजला येण्याआधी आईच्या हाताखाली बसते. बाप यंत्रमागावर रात्रपाळीला. त्या घरातून पहाटे साडेपाचला मुलगी मैदानावर येणार म्हणजे घरातलं कुणाचं तरी काम वाढणार. ते तुम्ही समजून घेतलंय हे त्यांना दिसलं पाहिजे. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर संघातली त्या भाषेची मुलगी सोबत न्या, आणि तुम्ही पुरुष आहात म्हणून एखाद्या मॅडमनाही न्या. सराव कुठे, किती वाजता सुटणार, सोबत कोण, आणि मुलगी घरी कशी पोचणार, हे चार प्रश्न ते विचारायच्या आत सांगा. एका आईनं मला विचारलं होतं, "पळून काय मिळतंय ओ मॅडम?" मी बक्षिसाचं काही बोलले नाही. शेजारच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, तेवढं सांगितलं. आपल्यासारख्याच दुष्काळी मुलखातली म्हटल्यावर त्या माउलीनं पुन्हा नाव विचारलं. मुलगी दुसऱ्या दिवसापासून आली.

खेड्यावरून येणाऱ्या मुलींना रोज पहाटे बोलावू नका. मोहोळ, अक्कलकोटहून येणारीला आठवड्यातले तीन दिवस गावातच पळू द्या आणि बाकीचे दिवस कॉलेज सुटल्यावर घ्या. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीला अर्धं तिकीट आहे, त्यामुळे रविवारी एकत्र यायला पूर्वीइतकं जड जात नाही. गावात एकटीनं पळणाऱ्या मुलीसोबत भाऊ सायकलवर असला तर उत्तम. शहरात तुम्ही गाडीवर सर्वांत मागे राहा, पुढे नाही. टवाळ पोरं आणि भटकी कुत्री दोन्ही मागे पडलेल्या मुलीलाच गाठतात.

जागेचं बोलायचं तर डांबरी रस्ता जितका टाळाल तितकी नडगी वाचेल. विजापूर रोडचं सिद्धेश्वर वनविहार, केगावला विद्यापीठाच्या बाजूचा मोकळा माळ, हिप्परग्याच्या तलावाकडच्या मुरमाच्या वाटा, अशा जागा हेरा. सोलापूर तसं सपाट आहे, पण ओढ्यात उतरून पुन्हा वर चढणारी पायवाट शोधली तर सापडते. तीच तुमची टेकडी. नान्नजचा माळ पळायला कितीही छान दिसला तरी ते माळढोकचं अभयारण्य आहे, तिकडे मुलींना नेऊ नका. आणि काळ्या रानाचं वेळापत्रक पाळा. पाऊस पडल्यावर ती माती बुटाला अशी चिकटते की एकेक पाय किलोभर होतो, आणि वाळल्यावर भेगा पडतात, त्यात घोटा मुरगळतो. पाऊस उघडल्यावर दोन दिवस मुरमाडावरच राहा. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात येतो, म्हणजे नेमका हंगाम तोंडावर असताना. म्हणून ऑगस्टपासून अधूनमधून चिखलातही हळू पळवा, कारण स्पर्धेच्या दिवशी चिखल असला तर त्या दिवशी शिकता येत नाही. शेतातल्या मुली यात शहरातल्यांना मागे टाकतात. बांधावरून उडी मारणं, नांगरटीतून पाय उचलून पळणं त्यांना सांगावं लागत नाही. हा त्यांचा गुण सगळ्यांसमोर बोलून दाखवा.

सरावाचा आराखडा फार गुंतागुंतीचा करू नका. जूनच्या शेवटी वीस-पंचवीस मिनिटं सावकाश पळणं, मध्ये चाललं तरी चालेल. ऑगस्ट संपेपर्यंत आठवड्यातून एकदा तासभराचं सलग पळणं झालं पाहिजे. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करा, मुली कितीही ताज्या दिसल्या तरी. आठवड्यातून एकदा वेगाचं काम: मी विजेच्या खांबांवर घेते, दोन खांब जोरात, दोन खांब सावकाश. एकदा चढाचं काम. पायरीवर टाचा उचलणं, एका पायावर बसणं-उठणं, प्लँक, हे दहा मिनिटं रोज. आणि माझा सर्वांत आवडता सराव: सहा जणी एका ओळीत सावकाश धावतात, शेवटची मुलगी वेग वाढवून सगळ्यांना ओलांडून पुढे येते, मग नवी शेवटची. अर्धा तास हे चाललं की मागे राहणारीला पुढे असण्याची सवय लागते, आणि पुढचीला मागचीचा श्वास ऐकायची. यातूनच त्यांच्यात जोड्या जमतात. स्पर्धेत चौथी, पाचवी आणि सहावी तिघी मिळून निम्म्या अंतरापर्यंत एकत्र राहिल्या तर तिघींचेही क्रमांक सुधारतात.

आता जे पुष्कळ सर संकोचानं टाळतात ते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलं. तुमच्या दहा मुली त्याच घरांतल्या आहेत. जुलैतच सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात होतं. १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवून गोळ्या सुरू करा, त्याशिवाय वेगाचं काम देऊ नका. जी मुलगी "आळशी" म्हणून ओरडा खाते तिचं रक्त ९ निघालेलं मी पाहिलंय. गोळी जेवणानंतरच्या चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, लिंबू-आवळ्याबरोबर लागते, एवढं सगळ्यांना पाठ करून द्या.

पाळीची नोंद प्रत्येकीनं स्वतःच्या वहीत ठेवावी आणि ती संघाबरोबरच्या मॅडमना सांगावी. पाळीत पळायला हरकत नाही, पण त्या दिवशी नको वाटलं तर तिला कारण न विचारता सूट असावी. सलग तीन महिने पाळी आली नाही तर तो धोक्याचा इशारा आहे. पळण्याच्या मानानं पोटात कमी जातंय आणि हाडं कच्ची होतायत, असा त्याचा अर्थ असू शकतो. अशा मुलीला डॉक्टरांकडे न्या आणि नडगीत एका ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखत असेल तर पळणं ताबडतोब बंद. वजन काट्यावर कुणाचंही सगळ्यांसमोर करू नका. "बारीक झालीस, आता पळशील" हे वाक्य तर तोंडातूनही काढू नका. आणि बुटांबरोबर चांगल्या स्पोर्ट्स ब्रासाठीही जिमखान्यातून पैसे मागा. मागणीपत्र मॅडमनी लिहिलं तर सोपं जातं.

खाण्यासाठी बाहेरचं काही आणायला नको. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, हुलग्याचं माडगं, मोड आलेली मटकी, चालत असेल तर अंडं. सराव संपल्याबरोबर प्रत्येकीच्या हातात शेंगदाणा-गुळाचा लाडू पडला पाहिजे, कारण पुष्कळ जणी काही न खाता येतात आणि तशाच तासाला बसतात.

आपल्याकडे हंगामात एक गोष्ट दरवर्षी येते: नवरात्र. निम्म्या मुली नऊ दिवस उपवास धरतात, काही अनवाणी असतात, आणि कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जातात. पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर. स्पर्धा त्याच्या आगेमागे असली की नवे शिक्षक वैतागतात. रागावून उपयोग नाही, आणि रागावूही नये, त्यांची श्रद्धा आहे ती. मी जुलैतच दिनदर्शिका काढून मुलींसमोर ठेवते आणि त्यांनाच ठरवू देते. कुणी एक वेळ जेवून उपवास धरते, कुणी स्पर्धा झाल्यावर चालत जाते, कुणाची आजीच सांगते की देवीला पुढच्या मंगळवारी जाऊ. त्या नऊ दिवसांत वेगाचं काम बंद, नुसतं हलकं पळणं, आणि राजगिरा, शेंगदाणे, दूध भरपूर. जिनं चालत जायचंच ठरवलं तिला परत आल्यावर आठवडाभर पळवू नका.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुलींना मार्ग पायी दाखवा. कुठे वाट अरुंद होते, कुठे वळण आहे, कुठे चिखल. त्यांना वेळेचं लक्ष्य देऊ नका, माणूस द्या: "त्या हिरव्या बनियनवालीला शेवटच्या चढाआधी गाठायचं." तुम्ही शेवटच्या किलोमीटरच्या सुरुवातीला उभे राहा आणि पहिली गेली की तिथून हलू नका. चौथी येईपर्यंत, सहावी येईपर्यंत तिथेच. तिला तिचा क्रमांक आणि पुढचीचं अंतर ओरडून सांगा. त्या क्षणी तिला कळलं पाहिजे की संघ तिच्यावर ठरणार आहे. शेवटच्या चारशे मीटरमध्ये चार मुली मागे टाकणाऱ्या पाचव्या नंबरच्या मुली मी पाहिल्यात, ज्यांना जूनमध्ये दोन किलोमीटर सलग पळता येत नव्हतं.

राहिली तुमची ती एक. तिचं वेगळं जरूर करा, पण आठवड्यातून दोनच दिवस. वेगाचं काम तिला मुलांबरोबर द्या, बाकी दिवस ती संघातच. जागतिक स्पर्धेत २०१७ पासून महिलांनाही पुरुषांइतकंच १० किलोमीटर धावावं लागतं, त्यामुळे तिचं लांब पळणं सावकाश वाढवत न्या, एकाच वर्षात नको. तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर शिबिर आणि सत्र परीक्षा एकमेकांवर येतात. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा तिच्या हजेरीचं आणि प्रात्यक्षिकांचं पत्र प्राचार्यांच्या सहीनं आत्ताच तयार ठेवा, आणि त्याची एक प्रत तिच्या वडिलांकडे द्या.